आई होण्याआधीचं रक्त

रक्त गेलं की ते अन्नानं भरून काढावं लागतं, हे मराठी घराला कुणी शिकवावं लागलं नाही. बाळंतिणीच्या खुराकात हे शहाणपण पिढ्यानपिढ्या सांभाळलेलं आहे. हळीव नारळाच्या पाण्यात भिजत घालायचे, ते फुगले की त्यात खवलेलं ओलं खोबरं आणि चिरलेला गूळ घालून मंद आचेवर आळवायचे आणि हाताला तूप लावून लाडू वळायचे. हळिवात लोह भरपूर असतं, हे प्रयोगशाळेनं फार नंतर सांगितलं. जोडीला डिंकाचे लाडू, खारीक, मेथी, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी आणि जेवणानंतर बाळंतशेपा. सव्वा महिना हा खुराक चाले, आणि ऐपत नसलेलं घरही उसनंपासनं करून त्यातलं काही ना काही करी. त्याच घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचंही रक्त दर महिन्याला जात होतं. शिवाय तिची उंची आणि वजन झपाट्यानं वाढण्याचे हेच दिवस होते. तिच्या वाट्याला मात्र असा लाडू नव्हता. म्हणजे ज्ञान होतं, ते कुणासाठी वापरायचं हे आधीच ठरलेलं होतं. माझं म्हणणं असं की, महाराष्ट्रात गेल्या दीडशे वर्षांत बाईच्या पोषणाचा विचार प्रामुख्यानं आईपणाच्या वाटेनं झाला. घरानं तो तसा केला, कायद्यानं केला, वैद्यकीय संशोधनानं केला आणि सरकारी योजनांनीही केला. मुलगी तिच्या स्वतःसाठी धडधाकट असावी, हा विचार फार उशिरा आला आणि अजून पुरता रुजलेला नाही. आजच्या मुलींच्या अंगात रक्त कमी का, याचं बरंचसं उत्तर या इतिहासात आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या पांढरपेशा घरांत मुलीला न्हाण येणं हा जाहीर आनंदाचा प्रसंग असे. तिचं लग्न बहुधा आधीच झालेलं असे. तिला मखरात बसवत, आप्तांकडून गोडधोड येई आणि मग गर्भाधानाचा विधी होई. या कौतुकात खाऊपिऊ घालणं होतं, हे खरं. पण कौतुक होतं ते ती आता मूल धारण करू शकेल याचं, आणि तो प्रसंग उरकला की पुढच्या महिन्यापासून तीच पाळी विटाळ ठरे. बेहरामजी मलबारींनी 1884 साली बालविवाहावरचं आपलं टिपण प्रसिद्ध केलं, त्याच सुमारास रखमाबाईंचा खटला उभा राहिला, आणि 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यानं मुलीच्या शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारावर नेलं. पहिल्या ऋतुदर्शनानंतर गर्भाधान झालंच पाहिजे का, यावर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि लोकमान्य टिळक यांच्यात शास्त्रार्थ झडला. एक बाजू धर्मात सरकारनं हात घालू नये म्हणत होती. दुसरी बाजू कोवळ्या वयातल्या मातृत्वानं आई दगावते आणि संतती दुबळी निपजते असं सांगत होती. सुधारकांची बाजू न्याय्य होती आणि त्या कायद्यानं मुलींचं भलंच झालं. तरीही वादाचा गाभा एकच होता: हे शरीर आईपणाला कधी तयार होतं? ते शरीर वाढताना त्याला काय खायला मिळतं, हा प्रश्न त्या गदारोळात केंद्रस्थानी आलाच नाही.

तो प्रश्न घराच्या ताटात मात्र रोज सुटत होता. बाईचं ताट तिच्या वयावर किंवा कष्टावर ठरत नसे, आईपणाशी तिचं नातं काय यावर ठरे. गरोदर बाईचे डोहाळे पुरवले जात आणि बाळंतिणीला खुराक मिळे. याच्या अगदी उलट टोकाला विधवा होती. उच्चवर्णीय घरांत केशवपन झालेल्या बालविधवेनं एकवेळ जेवावं, उपासतापास करावेत, जिभेला आवडेल असं काही खाऊ नये, असा दंडक असे. महर्षी कर्व्यांनी 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला तेव्हा शिक्षणाइतकंच पोटभर आणि मानानं मिळणारं जेवणही अनेकींना नवं असणार. विधवेची पाळी चालूच असे, रक्त जातच असे, पण आईपणाची वाट बंद झाली की ताटही आखडलं जाई. या दोन टोकांच्या मध्ये न्हाण आलेली मुलगी होती. ती पुरुषांच्या आणि मुलांच्या नंतर, उरलंसुरलं खाणाऱ्या बायकांच्या पंगतीत बसे, आणि महिन्यातले तीन-चार दिवस तर स्वयंपाकघराची पायरीही चढू शकत नसे. दुधादह्याला, लोणच्याच्या बरणीला, पाण्याच्या हंड्याला हात लावायचा नाही. लांबून वाढलं जाईल ते खायचं. आपण काय आणि किती खावं, हे ज्या दिवसांत तिनं स्वतः ठरवायला हवं होतं, त्याच दिवसांत ते ठरवण्याची मुभा तिला नव्हती.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. बाहेर बसण्याच्या रिवाजामुळे बाईला विश्रांती मिळत होती, पूर्वजांनी विचार करूनच तो घातला होता, असं म्हणतात. मोठ्या एकत्र कुटुंबात, जिथं चूल सांभाळायला दुसऱ्या चार बायका होत्या, तिथं काही जणींना आराम मिळालाही असेल. पण बंदी कशावर होती ते पाहिलं की या समर्थनाची मर्यादा कळते. बंदी चूल, पाणवठा, देवघर आणि स्पर्श यांवर होती; कष्टांवर नव्हती. शेतमजुरी करणाऱ्या बाईला त्या दिवसांतही रानात जावंच लागे. गडचिरोलीतल्या आदिवासी पाड्यांवर आजही पाळीच्या दिवसांत बायका गावाबाहेरच्या कुर्माघरात राहतात. त्या झोपडीत पाऊस, साप आणि अंधार यांच्यापासून पुरेसा आडोसा नसतो, आणि जेवण घरून कुणी आणून देईल तेव्हा मिळतं. विश्रांती हाच हेतू असता, तर त्या चार दिवसांत बाईला अधिक चांगलं अन्न आणि अधिक उबदार जागा मिळाली असती, जशी बाळंतिणीला मिळे. बाळंतिणीलाही विटाळ असतोच. पण तिच्या विटाळासोबत खुराक येतो, पाळीच्या विटाळासोबत येत नाही. ऋषिपंचमीचं उदाहरण याहून बोलकं आहे. पाळीतल्या स्पर्शास्पर्शाच्या दोषांचं प्रायश्चित्त म्हणून बायका हे व्रत करत आल्या. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून अळू, लाल माठ, पडवळ, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस अशी परसातली भाजी एकत्र शिजते. पाळी येणाऱ्या बाईला जे महिनाभर हवं, त्यातलं बरंच त्या एका पातेल्यात असतं. ते तिच्यासमोर वर्षातून एकदा येतं, आणि तेही दोष फेडण्यासाठी.

बाईच्या पांढुरक्या चेहऱ्यामागं अन्न आहे, हे विज्ञानाला मुंबईनंच दाखवून दिलं, याचा आपल्याला बऱ्याच अंशी विसर पडला आहे. लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर 1928 साली मुंबईत आली. गिरणगावातल्या आणि शहरातल्या इतर गरीब वस्त्यांतल्या गरोदर बायकांना एक जीवघेणा पांडुरोग होत होता आणि कित्येक जणी त्यात दगावत होत्या. स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेतल्या डॉ. मार्गारेट बालफोर यांच्या पुढाकारानं मातामृत्यूंची चौकशी सुरू झाली होती आणि परळच्या हाफकिन संस्थेत विल्सला जागा मिळाली. आधी तिनं जंतुसंसर्गाची शक्यता तपासली. तो धागा पुढे गेला नाही. मग तळपदे या सहकाऱ्याबरोबर तिनं मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांतल्या बायकांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी केली, आणि निकस आहार आणि हा आजार यांचं नातं समोर आलं. निकस अन्नावर ठेवलेल्या प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत तसाच पांडुरोग दिसला आणि यीस्टच्या अर्कानं तो हटला. मार्माइट नावाचा हा अर्क बाजारात स्वस्तात मिळत होता. तो रुग्ण बायकांना देताच काही दिवसांत रक्त सुधारू लागलं. 1931 साली हे संशोधन ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. त्या अर्कातला अनोळखी घटक पुढे काही काळ 'विल्स घटक' म्हणून ओळखला गेला. 1941 मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा करण्यात आला, आणि 1940 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटानं तो कृत्रिमरीत्या तयार केला. आज जगभर गरोदर बायका घेतात ते फॉलिक ॲसिड हेच.

विल्सनं शोधलेला पांडुरोग फॉलिक ॲसिडच्या अभावाचा होता, लोहाच्या अभावाचा नव्हे, हा फरक महत्त्वाचा आहे. पण तिच्या कामाचा मोठा धडा दोन्हींना लागू पडतो: आजार दिसतो रुग्णालयात, पण तो तयार होतो घरच्या ताटात, वर्षानुवर्षं. हा धडा त्या काळानं अर्धाच घेतला. चौकशी मातामृत्यूंची होती, म्हणून तपासण्या गरोदर बायकांच्या झाल्या. त्याच चाळीत राहणारी, तसंच कोरडं खाणारी चौदा वर्षांची मुलगी त्या चौकशीच्या कक्षेबाहेरच राहिली, कारण तिच्या पोटात मूल नव्हतं. त्याच वर्षांत, 1929 साली, मुंबई इलाख्यानं गिरणीकामगार बायकांसाठी प्रसूती लाभाचा कायदा केला. 1928 च्या विधिमंडळातल्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि प्रसूतीच्या आधी-नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे अशी भूमिका मांडली. त्या काळात कामगार बाईच्या बाजूनं उभं राहण्याचा तोच सर्वांत भक्कम पाया होता, आणि त्या कायद्यानं हजारो जणींना आधार दिला. तरीही लक्षात घ्यायला हवं ते हे की, मालकाकडून आणि सरकारकडून बाईसाठी काही मिळवायचं तर आईपणाचाच आधार घ्यावा लागत होता. बाईच्या शरीराचा विचार मूल होण्यापलीकडे करणारा माणूस त्या काळात विरळा होता. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून तो केला, आणि त्यापायी त्यांना खटले आणि कुचेष्टा सोसाव्या लागल्या.

स्वातंत्र्यानंतर योजना बदलल्या, चौकट बदलली नाही. 1970 साली देशात पोषणजन्य रक्तक्षयाविरुद्ध लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याचे लाभार्थी होते गरोदर आणि स्तनदा माता, कुटुंबनियोजन स्वीकारलेल्या स्त्रिया आणि लहान मुलं. बालपण संपलेली पण आई न झालेली मुलगी या यादीत कुठेच बसत नव्हती. 1998–99 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर बायकांचं हिमोग्लोबिन मोजलं गेलं, पण त्या फेरीत निवडल्या गेल्या त्या विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेल्या स्त्रिया. अविवाहित मुलींचं रक्त या पाहणीत मोजलं जायला 2005–06 ची फेरी उजाडावी लागली. मधल्या काळात अंगणवाडीच्या आधारानं किशोरींसाठी काही योजना आल्या, पण त्यांची व्याप्ती मर्यादित होती. आठवड्याला एक निळी गोळी शाळेत आणि अंगणवाडीत देण्याचा देशव्यापी कार्यक्रम 2012–13 च्या सुमारास सुरू झाला, म्हणजे गरोदर बाईच्या गोळीनंतर चार दशकांहून अधिक काळानं. अन्नाच्या योजनांतही हेच दिसतं. शाळेतलं दुपारचं जेवण आठवीपर्यंत मिळतं. ज्या वयात मुलीची लोहाची गरज शिगेला पोचते, त्याच वयात ते बंद होतं. महाराष्ट्रात आदिवासी भागासाठी 2015 पासून असलेली अमृत आहार योजना रोज एक चौरस जेवण देते, पण तिची सुरुवात झाली ती गरोदर आणि स्तनदा मातांपासून. अंगणवाडीतून 14 ते 18 वयाच्या मुलींना मिळणारा पूरक आहार आता केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांपुरता आहे, आणि असे जिल्हे राज्यात चार आहेत: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि धाराशिव.

आता दुसरा आक्षेप. मुलींना पाळी येते, मुलांना येत नाही; मग त्यांच्या अंगात रक्त कमी असणं निसर्गाचाच भाग नाही का? 2019–21 च्या पाहणीनुसार देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया आणि 25 टक्के पुरुष रक्तक्षयानं ग्रस्त होते. महाराष्ट्रात 15 ते 19 वयाच्या मुलींत हे प्रमाण सुमारे 57 टक्के होतं. आकडेवारीवर शंका घेता येते, आणि ती घेतली गेली आहे. बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्तावर रक्तक्षय जास्त दिसतो. शिरेतून रक्त घेणाऱ्या 2016–18 च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत किशोरवयीन मुलींतलं प्रमाण 40 टक्के आणि मुलांतलं 18 टक्के निघालं. आकडा खाली आला, पण मुलगे आणि मुली यांच्यातली दरी मोठीच राहिली. ती निसर्गाची म्हणावी, तर पाळीत जातं किती ते पाहू. साधारण पाळीत 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे महिन्याला फार तर 20 मिलिग्रॅम लोह. आपल्या धान्यप्रधान जेवणातलं जेमतेम 5 ते 8 टक्के लोह अंगी लागतं. तेवढी भरपाई करायला रोज 8 ते 13 मिलिग्रॅम लोह जास्त खायला हवं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींत प्रौढ पुरुषाला रोज 19 आणि स्त्रीला 29 मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे. 16 ते 18 वयाच्या मुलीला तर 32. निसर्गानं बाईला पाळी दिली हे खरं, पण तिनं पुरुषाहून दीडपट लोह खावं हेही त्याच निसर्गाचं सांगणं आहे. आपण त्यातला पहिला भाग स्वीकारला आणि दुसरा उलटा केला. जिला जास्त हवं, तिला शेवटी आणि कमी वाढलं. पाळी तर जगभरच्या बायकांना येते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 साली जगात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांतलं रक्तक्षयाचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं. आपल्याकडचा जास्तीचा भार पाळीच्या माथी मारता येत नाही.

गरिबीचं कारणही पुरं पडत नाही. गरीब घरांत रक्तक्षय अधिक आहे, हे निर्विवाद. पण देशातल्या सर्वांत सधन गटातल्याही सुमारे निम्म्या स्त्रियांत तो आढळतो, आणि त्या घरांतले पुरुष याच्या जवळपासही नसतात. गरिबी घरात अन्न किती येईल ते ठरवते. आलेलं अन्न कुणाच्या ताटात किती जाईल ते घराची रीत ठरवते. मग गोळ्याच देत राहाव्यात का? ज्या मुलीचं हिमोग्लोबिन घसरलं आहे तिला गोळीच लागते, नुसती बाजरीची भाकरी पुरणार नाही. विल्सनंही आजारी बायकांना अर्कच दिला होता. पण गोळीनं भरलेलं रक्त टिकतं ते जेवणावर. 100 ग्रॅम बाजरीत सुमारे 6 मिलिग्रॅम लोह असतं. त्या भाकरीबरोबर लिंबू किंवा आवळा असेल तर ते अधिक अंगी लागतं, आणि जेवणाला लागूनच चहा घेतला तर कमी. शाळेत निळी गोळी देताना हे सांगितलं गेलं नाही, आणि गोळीनं मळमळेल, शौच काळी होईल पण घाबरू नको हेही सांगितलं गेलं नाही, तर मुली गोळी टाळतात.

आईपण संपलं की बाईच्या शरीराचं काय होतं, हे ऊसतोडीच्या फडावर दिसतं. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या 2019 च्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. उचल घेऊन नवरा-बायकोचा एक कोयता ठरतो. एका दिवसाचा खाडा पडला तरी मुकादम पैसे कापतो. पाळीत अंगावर जास्त जातंय, पोटात दुखतंय, म्हणून बसून राहणं परवडत नाही. फडावर संडास नाही, पाण्याची सोय नाही, जेवण पहाटे थापलेल्या भाकरीवर. मुलं झाली आहेत, आता पिशवीची गरज काय, असं डॉक्टर म्हणतो, घर म्हणतं आणि बाईलाही पटतं. या शस्त्रक्रियांमागं खाजगी दवाखान्यांचा स्वार्थ होता आणि कर्करोगाची भीती घातली जात होती. पण तो युक्तिवाद इतक्या सहज पटला, कारण गर्भाशयाची किंमत फक्त मुलांपुरती आहे हे आपण आधीच मानलं होतं. ऐन तिशीत अंडाशयासकट पिशवी काढली तर हाडं ठिसूळ होणं आणि अकाली रजोनिवृत्ती हे परिणाम बाईलाच भोगावे लागतात, आणि त्यांची भरपाई कोणत्याही योजनेत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसांचा आहे. मुलगी उद्याची आई आहे, असं सांगितलं की सरकार पैसा देतं आणि सासरही ऐकतं; मग हा युक्तिवाद सोडायचा कशाला? मला वाटतं, तो त्याच्या स्वतःच्या कसोटीवरही उतरत नाही. एका गरोदरपणात बाईला एकूण सुमारे 1000 मिलिग्रॅम लोह लागतं. आठ-नऊ महिन्यांत तेवढं ताटातून मिळणं कठीण. अंगातला साठा आधी असावा लागतो, आणि तो किशोरवयातच साठतो. आईपणापुरती काळजी करणाऱ्यांनाही म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मुलीपासूनच सुरुवात करावी लागेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आई न होणाऱ्या, होऊन गेलेल्या आणि होऊ न इच्छिणाऱ्या बायका या युक्तिवादातून कायमच्या बाहेर राहतात. रक्त कमी असलेली मुलगी आज, याच वर्षी, वर्गात पेंगते, धावताना धापा टाकते, परीक्षेला बसताना तिचं डोकं जड होतं. हे नुकसान तिचं आहे, तिच्या होणाऱ्या बाळाचं नाही. म्हणून शाळेतलं जेवण बारावीपर्यंत न्यायला हवं. किशोरींचा पूरक आहार चार जिल्ह्यांपुरता न राहता राज्यभर मिळायला हवा. शाळेच्या आरोग्य तपासणीत हिमोग्लोबिनची नोंद व्हावी आणि ती मुलीच्या हातात पडावी. आणि घरात जे हळीव, तीळ, गूळ, अळू-माठ आपण बाळंतिणीसाठी राखून ठेवतो, ते पहिली पाळी आलेल्या मुलीच्या ताटात त्याच महिन्यापासून यायला हवेत. पाककृती घरोघर माहीत आहे. बदलायचं आहे ते एवढंच, की ती वापरायला मूल जन्माला येण्याची वाट पाहायची नाही.